पत्रांची पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी

ओसरी (धागाकर्ती)

मी लेस्टरला राहते. गेली चार वर्षं इथल्या तीन दवाखान्यांसाठी 'सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर' म्हणून काम करते. घरून फोनवर कुणी विचारलं की 'दवाखान्यात नोकरी आहे' एवढंच सांगते, कारण खरं काय ते समजावायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं आज इथे वसूल करतेय.

इंग्लंडात अगदी तातडीचं नसेल तर दुखणं कसलंही असो, आधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जायचं. तिथे साधारण दहा मिनिटं मिळतात. माणूस सांगतो, गुडघा दुखतो, झोप लागत नाही. आणि उठून दाराशी पोचल्यावर हळूच म्हणतो, घरमालक घर खाली करायला सांगतोय. 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस' या संस्थेने २०१५ साली जीपींना विचारून हिशोब मांडला होता. तपासणीचा १९ टक्के वेळ घर, पैसा, नोकरी, नात्यांतली भांडणं असल्या गोष्टींत जातो आणि त्याची किंमत वर्षाला ४० कोटी पौंडांच्या आसपास. यावर डॉक्टरांकडे गोळी नसते. ते चिठ्ठी देऊन नाव माझ्या यादीत टाकतात, आणि मी त्या माणसाला भत्ते, संस्था, गट अशा मदतीशी जोडून देते. यालाच सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात.

जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दीर्घकालीन आराखड्यात हे काम अधिकृतपणे आलं. दोन वर्षांत हजारावर लिंक वर्कर नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत ९ लाख लोक त्यांच्याकडे पाठवायचे, असं ठरलं. नंतर तो आकडा ओलांडलाही. पण कल्पना त्याहून जुनी आहे. पूर्व लंडनमध्ये ब्रॉम्ली बाय बो इथे अँड्र्यू मॉसन नावाच्या पाद्र्याने १९८४ पासून एका ओस पडत चाललेल्या चर्चमध्ये वस्तीतल्या लोकांना हाताशी धरून कामं सुरू केली, आणि १९९७ मध्ये त्याच आवारात दवाखाना उभा राहिला. म्हणजे एरवी दवाखान्याला वस्ती जोडतात, तिथे वस्तीला दवाखाना जोडला.

आता माझं काम. (तपशील बदललेत.) एका गुजराती आजींचं नाव माझ्याकडे आलं. इथे सगळे त्यांना 'बा' म्हणतात. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना हाकलल्यावर आलेल्यांपैकी. त्या वेळी लेस्टर नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्याकडे येऊ नका म्हणून. तरी हे लोक आले आणि आज लेस्टरची दिवाळी बघायला लांबलांबून गर्दी होते, असो. तर बांचे यजमान वारले, त्यानंतरच्या वर्षात त्या वीसेक वेळा दवाखान्यात आल्या. चक्कर येते, अंग दुखतं, छातीत कसंसंच होतं. रक्त, ईसीजी सगळं ठीक.

पहिल्या भेटीला माझ्याकडे पाऊण तास असतो, कधी तासभर. डॉक्टर विचारतात 'काय होतंय?', मी विचारते 'काय हवंय?'. बांनी उत्तर दिलं नाही. पायाशी ठेवलेली सुपरमार्केटची पिशवी उचलून माझ्या टेबलावर ठेवली. आत साताठ महिन्यांची पत्रं, एकही न फोडलेलं. घरातला सगळा इंग्रजी कागद यजमान बघायचे. बांना वाटत होतं, पिशवीत कुठेतरी घर सोडायची नोटीस आहे. चक्कर सकाळी साडेदहाला यायची. टपाल साडेदहाला येतं.

नोटीस नव्हती. विजेचं थकलेलं बिल होतं, आणि कौन्सिल टॅक्सची (आपल्या घरपट्टीसारखा कर) सूट मागायचा फॉर्म होता, ज्याची मुदत टळून गेली होती. आम्ही दोन बैठकांत पिशवी रिकामी केली. 'अटेंडन्स अलाउन्स' नावाचा भत्ता असतो. पेन्शनीच्या वयापुढच्या माणसाला दुसऱ्याच्या मदतीची गरज पडत असेल तर तो मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तो अर्ज भरला. मग मी पुस्तकातल्यासारखं केलं आणि त्यांना विणकामाच्या गटात पाठवलं. एकदाच गेल्या. ज्येष्ठांच्या जेवणाच्या क्लबचं सुचवलं तर मान फिरवली. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "मला खायला नको बोलावू. लाटायला बोलाव."

पुढचं वर्षभर बा आठवड्यातून तीन दिवस त्या क्लबच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. दवाखान्यातल्या फेऱ्या वर्षाला तीन-चारवर आल्या. आणि मग अनुदान आटलं, क्लब आठवड्यातून एक दिवसावर आला. या महिन्यात बांची चक्कर परत सुरू झाली आहे.

म्हणून धागा काढला. इथल्या अहवालांत 'किती जणांना पाठवलं' हे मोजतात. माझा अनुभव सांगतो की चिठ्ठीत फारसं काही नसतं. पिशवी उघडायला कुणीतरी बसावं लागतं आणि पलीकडे चालू स्वयंपाकघर असावं लागतं. माझी नोकरी दवाखान्याच्या पैशातून चालते म्हणून टिकली. स्वयंपाकघर दुसऱ्याच कुणाच्या खात्यातलं, ते गेलं. तुमच्याकडे काय चित्र आहे?

मृद्गंध

टपाल साडेदहाला येतं, तिथे थांबले. परत वर जाऊन वाचलं.

तिरकस

लेख छान, पण गंमत वाटते. माणसाला माणूस भेटावा म्हणून सरकारी पगारी माणूस नेमायचा! आपल्याकडे पार आहे, कट्टा आहे, भजनी मंडळ आहे, गणपती मंडळ आहे. चिठ्ठी कुणी दिली होती? ब्रिटिश सरकारने २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्रीसुद्धा नेमला होता म्हणे.

गावकूस

@तिरकस, पारावर कोण बसतं तेही सांगा ना. माझी आजी त्याच गावात ऐंशी वर्षं जगली, पारावर एकदाही टेकली नाही. आधी सून म्हणून, मग विधवा म्हणून, आणि आमची वस्ती गावाच्या ज्या बाजूला आहे त्या बाजूची म्हणून तर कधीच. भजन ऐकायची ते आमच्या ओट्यावरून, स्पीकरवर. पार आहे हे खरं, पण तो सगळ्यांचा आहे असं पारावर बसणाऱ्यांनाच वाटतं.

तिरकस

मान्य. हे डोक्यात आलं नव्हतं.

स्टेथोवाला

इचलकरंजीत फॅमिली डॉक्टर आहे, सव्वीस वर्षं. 'बा' माझ्याकडे रोज दोन येतात. मी काय करतो? बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो. लाज वाटते, पण बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात.

तरी ओसरीताई, एक खडा टाकतो. याला पुरावा काय? २०१७ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरच्या १५ मूल्यमापनांचा आढावा आला होता. निष्कर्ष असा की बहुतेक अभ्यास लहान, त्यांची रचना कच्ची, यावरून हे चालतं की नाही काहीच ठरवता येत नाही. आणि २०१९ मध्ये योजना देशभर! गोळीच्या बाबतीत असं कुणी चालवून घेतलं असतं का?

दुसरं, बागकाम-निसर्गफेरीवाला जो इंग्लंडचा सरकारी प्रयोग झाला, सात भागांत, २०२१ ते २०२३, आठ हजारांवर लोक. त्यात शून्य ते दहाच्या पट्टीवर आनंद ५.३ वरून ७.५ झाला आणि चिंता ४.८ वरून ३.४ वर आली. आकडे सुंदर आहेत. पण तुलनेचा गट कुठे आहे? माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा तो त्याच्या वाईटातल्या वाईट आठवड्यात असतो. दोन महिन्यांनी त्यातले बरेच जण काहीही न करता थोडे सावरतात. माझं बी-कॉम्प्लेक्सही याच जोरावर 'लागू पडतं'. शिवाय मध्येच सोडून गेले ते शेवटचा फॉर्म भरत नाहीत. तुमच्या बा विणकामाच्या गटातून उठून गेल्या, त्यांचा आकडा कुठल्या तक्त्यात आला?

ओसरी

डॉक्टर, कुठल्याच नाही. हाच तर मुद्दा आहे, धन्यवाद.

पुराव्याचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि मी वकिली करणार नाही. थोडे बरे अभ्यास आहेत. सॉमरसेटमधलं फ्रूम हे छोटं गाव. तिथे डॉ. हेलन किंग्स्टन यांच्या दवाखान्याने २०१३ पासून कामाची घडी बदलली. गावात कुठे काय चालतं याची यादी केली, आजाऱ्याभोवतीची माणसं जोडून दिली, आणि साध्या नागरिकांना, अगदी टॅक्सीवाल्यांनासुद्धा, कुणाला कुठे पाठवायचं ते शिकवलं. २०१७ अखेरपर्यंत फ्रूममधून तातडीने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या साधारण १४ टक्क्यांनी उतरली. त्याच काळात सगळ्या सॉमरसेटमध्ये ती २८ टक्क्यांहून जास्त वाढली. आता तुम्ही म्हणाल की इथेही चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोण कुठल्या गटात हे नशिबावर सोडून, गट केले नव्हते, एकच गाव, उत्साही डॉक्टर. खरं आहे.

दुसरं न्यूकॅसलच्या पश्चिम भागातलं. २०१५ पासून दीर्घ आजाराच्या गरीब वस्तीतल्या लोकांसोबत लिंक वर्कर दोन-दोन वर्षं जोडलेले राहिले. मधुमेहींचा अभ्यास तुलनेच्या गटासकट झाला. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, सरासरी ०.१ ने उतरली.

स्टेथोवाला

०.१! माझे पेशंट गणपतीचे मोदक बंद केले तरी तेवढी उतरवतात.

ओसरी

हो, हसा. मीही हसले होते. पण त्यात बा मोडत नाहीत. त्यांची साखर आधीपासून ठीक होती. साखरेच्या आकड्यात त्यांची पिशवी कशी दिसेल? आनंद किती, एक ते दहा, असं मी बांना विचारलं होतं, फॉर्मवर ते विचारावंच लागतं. त्या म्हणाल्या, "परीक्षा छे?" मी त्या रकान्यात सहा लिहिले. खरं सांगते, माझ्या मनाने लिहिले.

अ_अनुस्वार

अवांतर: 'लिंक वर्कर'ला मराठी शब्द काय? 'दुवा' म्हटलं तर उर्दूतला आशीर्वाद वाटतो.

तिरकस

'सांधेकरी'. रेल्वेतला असतो तसा. सांधा बदलला की गाडी दुसऱ्या रुळावर.

मृद्गंध

सोबतीण. काम तेच आहे ना.

गावकूस

सांधेकरी मस्तच. पण पुढे रूळ असायला हवेत, नाहीतर ओसरीताईंच्या क्लबासारखं व्हायचं.

मांडवीकाठ

डॉक्टरसाहेबांना चिठ्ठ्या टाकलेला प्रयोग हवा होता ना, तो आमच्या गोव्यात झालाय. 'संगत' ही संस्था १९९६ पासून इथे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ बैठका, आणि त्या घेणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्र शिकलेलेही नव्हते. इथलीच साधी माणसं, प्रशिक्षण दिलेली. बैठकीत काय करायचं? नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, बाजाराला जाणं, चर्चला जाणं, शेजारणीकडे बसणं. त्यांतली कुठली परत धरता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचं आणि पुढच्या आठवड्यात जमलं का ते बघायचं. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के बरे होते, दुसऱ्यातले ६४ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय.

नाव सोशल प्रिस्क्रायबिंग नाही, पण बांच्या पोळ्या आणि हे, मला तरी एकाच घरातलं वाटतं.

स्टेथोवाला

याला मी पुरावा म्हणतो. फक्त एक लक्षात घ्या, तिथे आजार ठरलेला होता, बैठकांची रीत ठरलेली होती, म्हणून मोजता आलं. 'सोशल प्रिस्क्रायबिंग' या एका नावाखाली तुम्ही भत्त्याचा अर्ज, बागकाम, पोळ्या आणि घरमालकाशी भांडण सगळं घालता. मोजायचं नेमकं काय?

गटप्रवर्तक_ताई

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नाशिक जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, माझ्याकडे बावीस आशा आहेत.

आमच्याकडे पेठ तालुक्यात २०१३ ते १५ ला 'आत्मीयता' नावाचं काम झालं, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या (आयएलएस) मानसिक आरोग्य केंद्राचं. ४१ गावं होती. गावातलेच स्वयंसेवक घेतले. काही जण फक्त 'मित्र', म्हणजे कोण उदास आहे, कोण घराबाहेर पडत नाही यावर नजर ठेवायची. काही जण पुढचे, ते चार-सहा वेळा बसून बोलायचे, मोबाईलवर छोट्या फिल्मा दाखवायचे. आणि त्याच माणसाला सरकारी योजनांची वाटही दाखवायचे. हे शेवटचं फार खरं आहे. ज्या बाईची निराधारची पेन्शन अडलीय तिला तुम्ही श्वासाचे व्यायाम काय शिकवणार? पुढे हेच काम गुजरातेत मेहसाण्यात मोठं झालं.

आता आमचं. आशाकडे हजार लोकसंख्या. गरोदर बाया, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, बीपी-शुगरची यादी, मध्येच एखादा सर्व्हे, आणि हे सगळं रजिस्टरला लिहून परत मोबाईलवर भरायचं, रेंज मिळाली तर. गावातली म्हातारी आशाला विचारते ते वेगळंच असतं. संजय गांधी निराधार योजनेचा पगार का थांबला? तर हयातीचा दाखला राहिलेला असतो. नवीन प्रकरण करायचं तर वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्नाचा दाखला, त्याला तहसीलच्या चार चकरा. आमची एक आशा एका आजीला घेऊन तीन वेळा गेली. स्वतःच्या खर्चाने, वडापने. आजीचा पगार सुरू झाला. आजी आता दर महिन्याला बीपीची गोळी न चुकवता घेते, आधी घेत नव्हती.

मी मीटिंगला हे सांगितलं. वरून विचारलं, कुठल्या हेडला टाकायचं? याला हेडच नाही.

तुम्ही पगारी आहात ऐकून बरं वाटलं. आम्हाला कागदावर स्वयंसेविका म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला आमच्या बाया मानधनासाठी आझाद मैदानावर जाऊन बसल्या होत्या, तेव्हा पेपरात 'आशांचे आंदोलन' असं आलं. 'स्वयंसेविकांचं आंदोलन' लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला प्रश्न तरी पडला असता.

ओसरी

ताई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'हेडच नाही' हे माझ्या साहेबांना इंग्रजीत कसं सांगू याचा विचार करतेय.

आणि एक गोष्ट. इथे आता उलटी गंगा आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये पिमलिकोच्या वसाहतीत २०२१ पासून दारोदार जाणारे आरोग्यसेवक नेमलेत, ब्राझीलमध्ये असतात तसे. एकेकाला शंभरेक घरं, महिन्याला एक फेरी, कुणी आजारी असो वा नसो. सुरुवातीच्या निष्कर्षांत भेट दिलेल्या घरांत लस घेतल्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त, कर्करोगाची आणि नेहमीची तपासणी करून घेतल्याची ८२ टक्क्यांनी जास्त निघाली. इथल्या लोकांना हे नवं वाटतं. मी मीटिंगमध्ये म्हटलं, माझ्या आईच्या गावात या बाईला आशा म्हणतात.

अ_अनुस्वार

आशाच्याही आधी जामखेड. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, १९७०. शाळा न शिकलेल्या बायकांना, त्यातही दलित बायकांना, गावाच्या आरोग्यसेविका केलं. १९७८ ला अल्मा-आताला जगाने प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा केला तोवर जामखेडचं काम सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. गावकूस म्हणतात तो पाराचा प्रश्न आरोळ्यांनी नळाने सोडवला असं ऐकलंय, विहीर-बोअर कुठे घ्यायची हे वस्ती बघून ठरवायचे.

गावकूस

दलित वस्तीत बोअर घेतली की सवर्णांना पाण्याला तिकडे यावं लागतं. हे 'सोशल प्रिस्क्रायबिंग' मला चालेल.

पैलतीर

न्यू जर्सीहून. सगळं वाचलं, आता माझा स्वार्थी प्रश्न. बाबा पुण्यात एकटे, ७६, एमएसईबीतून निवृत्त. आई गेल्यावर टीव्हीसमोरून हलत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी मी इथून भरली, दोनदा. गेले नाहीत. 'तिथे सगळे म्हातारे असतात' म्हणे. लाफ्टर क्लबचं नाव काढलं तर फोन ठेवला. ओसरीताई, तुम्ही काय केलं असतं?

ओसरी

पहिल्या भेटीत काहीच सुचवलं नसतं. वर्गणी तुम्ही भरलीत म्हणजे विणकामाच्या गटात मी जे केलं तेच. त्यांना काय येतं आणि ते कुणाला हवंय, हे विचारा. आईंबद्दल बोलतात का? ते बोलत असतील तर तासभर नुसतं ऐका, व्हिडिओ बंद करून. आणि जेवण-झोप बिघडली असेल, जगण्यात राम नाही असं काही बोलत असतील, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींना खरंच गोळीची गरज असते. त्यांना मी परत पाठवते.

स्टेथोवाला

हे शेवटचं लिहिलंत म्हणून तुम्हाला माझ्याकडून शंभरपैकी शंभर. पुराव्याला अजून चाळीसच.

गटप्रवर्तक_ताई

ओसरीताई, पाऊण तास म्हणालात. एका माणसामागे अशा किती भेटी असतात? आणि वर्षाला किती माणसं? मला लिहून द्याल का, सोप्या भाषेत. आमच्या आशाला एका घरी पाच मिनिटं मिळतात. बावीस जणींपैकी एकीला तरी आठवड्यातला एक दिवस फक्त याच कामाला देता येतो का ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारणार आहे.

ओसरी

सहा ते बारा भेटी, वर्षाला साधारण दोनशे-अडीचशे माणसं, आणि तेवढी झाली की मी थकून जाते. सविस्तर तुम्हाला वेगळा निरोप पाठवते. पिशवीचंही लिहीन, कागद कसे लावायचे ते. तीन ढीग करायचे: आज, या महिन्यात, आणि फाडून टाकायचे.

पैलतीर

अपडेट. रविवारी तासभर बोललो, व्हिडिओ बंद करून. पाऊण तास आईबद्दल. मग म्हणाले, संघबिंघ नको, पण सोसायटीच्या पंपाचा स्टार्टर महिन्यातून दोनदा जळतो आणि सेक्रेटरी दरवेळी बाहेरच्या माणसाला बोलावून पैसे घालवतो, त्याला जरा सांग मी बघतो म्हणून.

सेक्रेटरींना मेसेज टाकलाय. अजून निळी टिक नाही.